मुरमाची वाट आणि उजवा पाय

ज्याच्या पायातून नारूचा किडा निघून राहिला आहे, हे त्याच्यासाठी. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही, पण आधी त्या खाटेवर पडलेल्या माणसाला द्या. तो बिचारा दिवसभर छताकडं पाहत असेल, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण त्याला कोणाच्या तरी सडलेल्या पायाची गोष्ट सांगत असेल. मला अशा इतक्या सांगितल्या की मोजणं सोडलं. बरा झालेला एकही माणूस कोणी सांगितला नाही. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं.

मी पुंजाजी. पातूरच्या अलीकडं आमचं गाव. जमीन काळी, पण थोडी; खरा धंदा गाडीचा. बोलतो मी, लिहिते माझी बायको देवकी. ती रिद्धपूरकडची, महानुभाव घरातली. पोरीला पोथी वाचता यावी म्हणून तिच्या वडिलांनी तिला अक्षरं शिकवली, आणि ती विद्या आता माझ्या नारूच्या कामी आली. मी ‘मले’ म्हणतो, ती ‘मला’ लिहिते. म्हणते, कागदावर बरं दिसतं. मी म्हटलं, माझं सुधार बाई, पण बाकीची माणसं जशी बोलली तशीच ठेव. त्यांच्याशी झालेली माझी बोलणीही तशीच ठेव.

रेंगी

ते कापसाचे दिवस होते. सातासमुद्रापलीकडं कुठं लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडकला आणि आमच्या वऱ्हाडातल्या बोंडाला असा भाव चढला की माणसं झोपेतही कापूस वेचू लागली. लोक सांगत, अमक्यानं चाकाला लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या. मी एवढ्या गाड्या पाहिल्या, चांदीची धाव एकही पाहिली नाही. पण सांगणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

घाटावरच्या गावांचा कापूस अकोल्याला उतरायचा. दहा-बारा गाड्या एकत्र निघायच्या आणि त्यांच्या पुढं एक हलकी गाडी लागायची, रस्ता तपासणारी. कुठं नाल्यानं काठ खाल्ला, कुठं मुरूम घसरला, कुठल्या चढावर दुसरी जोडी लावावी लागेल, हे तिनं आधी पाहून यायचं. ही हलकी गाडी म्हणजे रेंगी. दोन माणसं जेमतेम बसतात, पण पळते अशी की बस्स! माझी रेंगी सागाची होती, बैल पाखऱ्या आणि मोऱ्या. मी त्यांना ना कधी चाबूक दाखवला ना पराणी. उजव्या पायाचा अंगठा पाखऱ्याच्या शेपटीच्या मुळाशी टेकवला की तो समजायचा, आणि पाखऱ्या समजला की मोऱ्याला समजावं लागत नसे.

मोठा घाट त्या वर्षांत गाड्यांनी तुंबायचा. म्हणून घाटावर जायला-यायला मी एक आडवाट शोधून काढली. तिचं कौतुक मी आजही करतो, करू द्या.

गाव सोडलं की कोसभर काळी माती. मग एका बांधापाशी माती संपते आणि मुरूम लागतो, कोणी रेघ मारून दिल्यासारखा. काळ्या मातीत चाक मुकं असतं. मुरमावर आलं की बोलायला लागतं, जात्यात ज्वारी भरडावी तसं. बैलांचे कान उभे राहतात. पाय रुतत नाही म्हटल्यावर त्यांनाही पळायची हुक्की येते. पुढं पळसाचा माळ. फाल्गुनात तिथून जावं, दोन्हीकडं नुसता लाल भडका, आणि मैनांचा असा कालवा की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. मग सालईची टेकडी. सालईची खोडं चुना लावल्यासारखी पांढरी, आणि त्यांच्यामधून वाट अशी वळत वळत चढते की बैलांना चढ आहे हेच कळत नाही. टेकडीच्या खांद्यावर रेंगी थांबवायची आणि मागं पाहायचं. अकोल्याकडचा सगळा मुलूख खाली पसरलेला, काळा, सपाट, आणि मधून मोर्णा नदीची रेघ. मी तिथं दर वेळी थांबायचो. मागचे गाडीवान शिव्या द्यायचे, तरी थांबायचो.

तिथून उतार. त्या उताराला मी सासुरवाडी नाव ठेवलं होतं, कारण तिथं फार सांभाळून उतरावं लागतं. (हे लिहिताना देवकीची लेखणी थांबली होती.) आणि उताराच्या पायथ्याशी बारव. काळ्या दगडाची, खाली पाण्यापर्यंत पायऱ्या, वर वडाची सावली. दोन कोस चढून-उतरून आलेला माणूस त्या पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभा राहायचा आणि ओंजळीनं पाणी प्यायचा, तेव्हा त्याला राजाचीही किंमत वाटत नसे. मी सगळ्यांना सांगायचो, पुंजाजीच्या वाटेवर बैलाला सावली आहे आणि माणसाला पाणी आहे.

देवकीच्या पंथात पाणी फडक्यानं गाळल्याशिवाय पीत नाहीत. पाण्यातले बारीक जीव पोटात जाऊन मरू नयेत म्हणून. घरी ती सगळ्यांचंच गाळायची, मी तक्रार केली नाही. वाटेसाठी तिनं मला पांढऱ्या खादीचं एक दुहेरी फडकं शिवून दिलं होतं. ते मी पाखऱ्याच्या शिंगाला बांधलं. फार शोभायचं त्याला.

काटा नव्हता

चैत्र लागला होता, कैऱ्या धरल्या होत्या. उजव्या घोट्याच्या वर आधी खाज सुटली, मग तेलाचा थेंब उडाल्यासारखा फोड आला. मला वाटलं बाभळीचा काटा. गाडीवानाला काट्याचं काय कौतुक? दोन दिवस तसाच हिंडलो, पण आग काही थांबेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी हरबाजी न्हावी दाढीला आले. हरबाजी म्हणजे आमच्या गावचे वस्तऱ्याचे, गळवाचे आणि मोडलेल्या हाडाचे मालक. सत्तरी उलटलेली, पण हात कापत नसे. आग फार होते म्हणून मी पाय पाण्याच्या घंगाळात बुडवून बसलो होतो. फोड फुटला. घंगाळातल्या पाण्यात थोडं दूध सांडल्यासारखं झालं.

हरबाजींनी वस्तरा खाली ठेवला. “हलू नको,” ते म्हणाले. माझा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि डोळे बारीक करून पाहिलं. “पुंजाजी, काटा नाही बाप्पा. नारू हाये.”

फोडाच्या मध्यातून पांढऱ्या दोऱ्याचं टोक बाहेर आलेलं मला दिसलं. दोरा हलला. मी आजवर रस्त्यात वाघ पाहिलाय, पुराच्या नाल्यात बैल सोडवलेत, पण त्या टोकाला पाहून मला जे वाटलं ते कधी वाटलं नव्हतं. आपल्याच पायात दुसरं कोणी राहतंय! मी म्हटलं, “ओढा ना! ओढून टाका एकदम!”

“ओढतो, अन् मंग?” हरबाजींनी मला दटावलं. “तुटला तर आतला सडते. अन् त्याच्यासंगं पाय सडते. दीड हात लांब असते हा. रोज एक बोट, जास्त नाही. ज्यानं घाई केली, तो लंगडा झाला.”

त्यांनी देवकीकडं कापूस मागितला. तळहातावर वळून बोटाएवढी घट्ट वात केली, दोऱ्याचं टोक तिच्यावर एक वेढा गुंडाळलं आणि वात पायाला बांधून ठेवली. ज्या कापसापायी मी वर्षभर मुरूम तुडवला तोच आता माझ्या पायात बसला होता.

मग त्यांनी विचारलं, “मागच्या साली याच दिवसात कोठचं पाणी पेलास?”

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न होता. नारूचा माणूस आला की ते त्याला मागच्या वर्षाची वाट विचारायचे. त्यांचं म्हणणं, नारू पाण्यातून येतो आणि वर्षभर आत लपून बसतो. लोक हसायचे. मी त्यांना माझी आडवाट सांगितली, मुक्कामासकट, आणि शेवटी बारव सांगितली. हरबाजी मान हलवू लागले तसा मी म्हणालो, “पण बारवेचं नसन. मागच्या चैत्रात तिच्या बहिणीकडं जाताना देवकी माह्यासंगं होती. तिनंबी तेच पाणी पेलं. तिले काहून नाही झालं मग?”

“दोघंबी पेले?” हरबाजींनी डोकं खाजवलं. “मंग बारवेचं नसन.”

देवकी चुलीपाशी होती. चुलीत फुंकर घालत राहिली, जाळ चांगला धडधडत असताना.

एक बोट

रोज सकाळी हरबाजी यायचे. पायावर थंड पाणी सोडायचे, दोरा सैल पडला की वात अर्धा वेढा फिरवायचे, अडला की थांबायचे. “त्याले वाटलं पाहिजे का तो आपल्या मनानं निघून राहिला,” असं ते म्हणायचे. त्या म्हाताऱ्याचा धीर पाहून मला लाज वाटायची. कोणाचा कोण मी, पण माझ्या पायाशी बसून ते घटका घटका दोऱ्याकडं पाहत राहायचे, आणि दोरा तुटू नये म्हणून श्वास रोखायचे. सहाव्या दिवशी त्यांनी वात देवकीच्या हाती दिली. म्हणाले, “तुह्या हाताले माह्यापेक्षा जास्त सबुरी हाये, माय.” तेव्हापासून तीच फिरवू लागली.

जो पडलाय त्याला सांगतो, आपली वात आपण फिरवू नये. दुसऱ्याच्या हाती द्यावी. आपल्याला घाई असते.

एकोणीस बोटं नारू बाहेर आला होता. आणि दौलत आला. दौलत माझा लहानपणचा सोबती, दुसऱ्या गाडीचा गाडीवान, माझ्या रेंगीच्या मागं कायम त्याचीच गाडी.

“पुंजाजी, पावसाच्या आधीची शेवटची खेप हाये. बारा गाड्या उभ्या. मोठा घाट तुंबला. तुह्याबिगर आडवाटेनं कोण नेईन आमाले?”

मी देवकीकडं पाहिलं. ती म्हणाली, “अर्धा अजून आत हाये.”

“घाटाच्या पायथ्यालोकच जातो.”

“पायथ्यापासून तुमी माघारी येनार हाये का?”

ती मला चांगलं ओळखते. पायावर पट्टी घट्ट बांधली, वात पट्टीत खोचली आणि रेंगीत चढलो. खरं सांगतो, खेपेची ओढ नव्हती. एकोणीस दिवस मी छत पाहिलं होतं आणि मला मुरमाचा आवाज ऐकायचा होता.

आवाज ऐकला. बांध ओलांडला, चाक बोलायला लागलं, बैलांचे कान उभे राहिले. मी इतका खूश झालो की विसरलो. आयुष्यभराची सवय! चढ लागल्याबरोबर उजव्या पायाचा अंगठा आपोआप पाखऱ्याच्या शेपटीशी गेला. पट्टी कासऱ्यात अडकली, पाखऱ्यानं उसळी मारली, आणि पायात कोणी तापलेली तार ओढावी तशी कळ गेली.

पट्टी सोडून पाहिलं. वात हातात आली. तिच्यावर गुंडाळलेला नारू होता, आणि पायाच्या भोकातून काहीही बाहेर येत नव्हतं.

दुसऱ्या कोणाचा नारू असा तुटला नसता. फक्त पायानं बैल हाकणाऱ्या माणसाचाच तुटला.

खाट

चौथ्या दिवशी पाय घोट्यापासून पिंढरीपर्यंत भोपळ्यासारखा फुगला आणि ताप चढला. दौलतनंच मला माझ्या रेंगीत आडवं घातलं आणि अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं. वाटेत प्रत्येक खड्ड्यापाशी तो खाली उतरला आणि चाक हातानं धरून रेंगी पुढं काढली.

दवाखाना म्हणजे लांब कौलारू ओटी, एका ओळीत खाटा. सकाळी कडुनिंबाच्या पाण्यानं जखमा धुवायचे, मग डाक्तर साहेब फिरायचे, मग पट्ट्या. दुपारी कोणाला कोणी भेटायला येई. जेवण नातेवाइकांनी मागच्या कडुनिंबाखाली रांधायचं. देवकीनं तिथं तीन दगड मांडले, दोरी बांधली, आणि दोरीवर तिचं पाणी गाळायचं फडकं. खाटेवरून मला ते फडकं रोज दिसायचं.

डाक्तर देशावरचे होते, कमी बोलायचे, पण चीर देताना आधी सांगायचे, “आता दुखेल.” मला हे फार आवडलं. बाकी सगळे ‘काही नाही, काही नाही’ म्हणतात आणि मग जीव काढतात. त्यांनी पू काढला, जवसाच्या पिठाचं गरम पोटीस बांधायला सांगितलं आणि ते दिवसातून किती वेळा बदलायचं ते देवकीला शिकवलं. तिनं एकदाही चुकवलं नाही.

पट्टी सोडायची वेळ सगळ्यात वाईट. तेव्हा मी एक युक्ती काढली. पट्टीला हात लागला की मी डोळे मिटून रेंगी जुंपायचो. काळी माती, बांध, मुरूम. पळसाच्या माळावर येईपर्यंत पट्टी सुटलेली असायची. धुणं चालू असताना सालईची टेकडी. एकेक वळण, एकेक धोंडा मनात धरायचो. चीर दाबायचे तेव्हा मी सासुरवाडीच्या उतारावर असायचो आणि बैलांना आवरत असायचो. तोंडातून “हो हो हो” निघायचं, ते बैलांसाठी असायचं. लोकांना वाटे मी कण्हतोय.

शेजारच्या खाटेवर मेळघाटातल्या सेमाडोहकडचा एक कोरकू म्हातारा होता, मोतीबाबा. रुळाखालची लाकडं तोडताना झाड अंगावर आलं होतं त्याच्या. त्याला मराठी थोडं यायचं, मला कोरकू मुळीच नाही. एक दिवस मी त्याला माझी वाट सांगितली, हातवारे करून. तो सगळं ऐकून म्हणाला, “अच्छी टेकडी. पर छोटी.” मग त्यानं हातानं आपले डोंगर दाखवले, एकावर एक, हात पुरेना तेव्हा उठून बसला. मोडलेल्या बरगड्यांसकट उठून बसला! दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पट्टीच्या वेळी मी ओरडायचो, “मोतीबाबा, चला मेळघाटात!” आणि तो दात दाखवायचा.

रेघ

आठव्या दिवशी डाक्तर साहेबांनी पाय पाहिला, दाबला, वास घेतला. मग दौत मागवली. बोरूनं माझ्या गुडघ्याच्या चार बोटं खाली शाईची एक रेघ ओढली.

“पुंजाजी, मी उद्या सकाळी येईन. सूज या रेघेच्या वर गेलेली दिसली तर पाय गुडघ्यावरून काढावा लागेल. नाही काढला तर तुम्ही वाचणार नाही. स्पष्ट सांगतो, रागावू नका.”

मी रागावलो नाही. ते गेल्यावर मात्र रडलो, अगदी बाईमाणसासारखा. (देवकी म्हणते, बाईमाणसं एवढी रडत नाहीत.) पाय गेला तर शेती कशीबशी झाली असती, भाऊबंदांनी भाकर दिली असती. पण रेंगी? एका पायाचा माणूस मुरमाच्या चढावर काय करणार? मी तिला म्हणालो, “पाखऱ्या-मोऱ्या दौलतले देऊन टाक. दुसऱ्याले नको देऊ.”

ती पोटीस बांधत होती. तिचे हात थांबले. मग ती जे बोलली ते मी तिला जसंच्या तसं लिहायला सांगितलंय, आणि ती लिहीत आहे.

“हरबाजींनी इचारलं तवा मी खोटं बोलली.”

“तू तर काहीच बोलली नाहीस.”

“तेच. बारवेवर मी पेली ते पाणी गाळलेलं होतं. तुमी पेले ते नाही. मागच्या चैत्रात, बहिणीकडं जाताना. मी लोट्यावर फडकं घातलं, अन् तुमी साऱ्या गाडीवानाइच्या पुढं म्हटलं, ‘काहो महंतीणबाई, हत्ती सापडला का पाण्यात?’ सारे हासले. दौलतभाऊ तर पोट धरून हासले. मले राग आला. मी तुमच्यासाठीबी गाळणार होती. नाही गाळलं. आपल्यापुरतं गाळलं अन् तुमाले म्हटलं, प्या तुमचं तुमी.”

मला आठवलं. तो विनोद माझाच होता आणि मला फार आवडला होता.

“घरी आल्यावरबी मी सांगितलं नाही,” ती म्हणाली. “मंग तुमच्या पायातून तो निघाला अन् हरबाजींनी पाण्याचं इचारलं. मले तवाच समजलं. पण कोण्या तोंडानं सांगू? आमच्यात पाण्यातला जीव वाचवाले गाळतात. अन् मी घरच्या माणसाचं नाही गाळलं.”

ती रडत नव्हती. पोटिसाचं पीठ बोटांवर वाळत होतं. इतके दिवस ती एक पोटीस चुकवत नव्हती ते कशापायी, हे मला तेव्हा कळलं, आणि माझा सगळा राग कुठच्या कुठं गेला. तिच्यावर येणार होता तोही, आणि नशिबावर होता तोही.

“अवं येडे,” मी म्हणालो, “त्या साली मी त्या बारवेचं पाणी किती खेपा पेलो असन! तुह्या एका लोट्याचं घेऊन बसलीस? फडकं तर तू मले शिवून देल्तं. ते मी बैलाच्या शिंगाले बांधलं. पाखऱ्याले काही नारू झाला नाही!”

ती हसली नाही. पण हात चालू लागले. “पीठ थंड झालं,” म्हणाली आणि दुसरं गरम करायला गेली. त्या दिवशी तिनं किती पोटिसं बांधली याचा हिशेब तीही सांगू शकत नाही. संध्याकाळी दौलत आला होता, तर त्याला जवस कुटायला बसवलं. त्याच्या घोट्यावर फोड आलेला मी तेव्हाच पाहिला.

सकाळी डाक्तर आले. वाकले. पायावर बोट ठेवलं, रेघेपासून खाली मोजत गेले. सूज रेघेच्या दोन बोटं खाली थांबली होती. त्यांनी देवकीकडं पाहून हात जोडले. तिला नाही, पोटिसाला जोडले असतील, पण जोडले खरे. तीन दिवसांनी चिरेतून उरलेला नारू तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडला. मोतीबाबानं तो पाहिला आणि म्हणाला, “छोटा नहीं है.”

हत्ती

पाय राहिला. घोटा आखडला, अंगठा वाकत नाही. पाखऱ्याला आता जिभेनं टक्‌ टक्‌ करून हाकतो. दोन महिन्यांत शिकला, माझ्यापेक्षा हुशार निघाला. दौलतचा नारू हरबाजींनी चाळीस दिवस वळला आणि अख्खा काढला. दौलत एक दिवसही खाटेवरून उठला नाही. त्याच्या बायकोनं त्याची पादत्राणं लपवून ठेवली होती.

पुढच्या वेचणीला मी पुन्हा रेंगी जुंपली. देवकीला म्हटलं, चल बहिणीकडं. मागं अकरा गाड्या होत्या, पहिली दौलतची. काळी माती संपली, चाक बोलायला लागलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. सालईच्या टेकडीवर थांबलो. मागचे गाडीवान शिव्या द्यायला लागले. ऐकून फार बरं वाटलं.

बारवेवर आलो. गाडीवान पायऱ्या उतरायला धावले. मी म्हणालो, “थांबा जरा.” पाखऱ्याच्या शिंगावरचं फडकं सोडलं, दगडावर आपटून धुतलं आणि लोट्याच्या तोंडावर दुहेरी घातलं. बसून गाळायला लागलो. मागून कोणी नवा गाडीवान हसून म्हणाला, “काहो पुंजाजी, हत्ती सापडला का पाण्यात?”

देवकीनं मान खाली घातली.

मी धोतर गुडघ्यापर्यंत वर केलं आणि पाय दगडावर ठेवला. चिरांच्या खुणा होत्या, वळलेला घोटा होता, आणि गुडघ्याखाली शाईची रेघ होती ती जागा. रेघ कधीच धुऊन गेली, पण जागा मला अजून बोटानं दाखवता येते. “सापडला,” मी म्हणालो. “दीड हात लांब होता. अथून निघाला. याच पाण्यातला, मागच्या साली मीच तुमाले दाखवलेल्या बारवेतला.”

कोणी हसलं नाही. मी लोटा पहिल्यांदा देवकीला दिला. ती प्यायली, मग मी प्यायलो.

दौलत वरच्या पायरीवर उभा होता. त्यानं डोक्यावरचं मुंडासं सोडलं, सगळं सोडलं, आणि घागरीच्या तोंडावर अंथरलं.